जॉन व्हॉन न्यूमन: पोकरमधला ब्लफ गणितात बसवणारा माणूस

कॉम्प्युटर किंवा आयटी ब्रँचला असाल तर व्हॉन न्यूमन आर्किटेक्चर हे नाव तुम्ही पाठ केलेलं असणार. एक ब्लॉक डायग्राम, त्यात मेमरी, कंट्रोल युनिट, एएलयू, आणि पाच-सहा मार्क पक्के. पण ज्यांच्या नावाने ती डायग्राम ओळखली जाते, त्यांना त्याच्या जवळपास वीस वर्षं आधी एक वेगळाच प्रश्न पडला होता. समोरच्याचे पत्ते दिसत नाहीत, तोही आपल्याला फसवायला बसलाय, अशा वेळी किती लावायचं आणि कधी सोडून द्यायचं?

या प्रश्नातून गेम थिअरी नावाचा गणिताचा एक आख्खा विषय उभा राहिला. आज आपण या माणसाची गोष्ट बघू. मध्ये थोडा वेळ थांबून पोकरचे बेसिक शब्द आणि बेटिंगचे नियमही समजून घेऊ, कारण त्याशिवाय त्यांनी नेमकं काय केलं ते लक्षात येणार नाही.

बुडापेस्टचा यानोश

२८ डिसेंबर १९०३ रोजी हंगेरीतल्या बुडापेस्टमध्ये एका सुखवस्तू ज्यू घरात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव यानोश. वडील मिक्सा हे बँकेत मोठ्या पदावर होते. १९१३ मध्ये घराण्याला सरदारकीचा किताब मिळाला आणि पुढे जर्मनीत गेल्यावर नावात व्हॉन आलं.

यानोशच्या बालपणाच्या भरपूर गोष्टी सांगितल्या जातात. सहाव्या वर्षी आठ आकडी संख्यांचा भागाकार तोंडी करायचा, फोन डिरेक्टरीचं पान एकदा वाचून धडाधड म्हणून दाखवायचा, वगैरे. त्यातलं तिखट-मीठ वगळलं तरी मुलगा असामान्य होता यात शंका नाही. शाळेत त्याच्या एक वर्ष पुढे यूजीन विग्नर होते, ज्यांना पुढे फिजिक्सचं नोबेल मिळालं.

इथून पुढची गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही घरात घडू शकते. मुलाला गणित करायचं होतं. वडिलांचं म्हणणं, गणितावर पोट भरत नाही, काहीतरी नोकरीचं बघ. मग तोडगा निघाला. झुरिकच्या ईटीएच या नामांकित संस्थेतून केमिकल इंजिनिअरिंगची डिग्री घ्यायची आणि त्याच वेळी बुडापेस्टमध्ये गणितात पीएचडी करायची. १९२६ मध्ये दोन्ही पूर्ण झालं. वय होतं २२.

थोडं थांबू: पोकर म्हणजे नेमकं काय?

तीन पत्ती तुम्ही गणपतीच्या जागरणाला किंवा दिवाळीत कधीतरी पाहिली असेल, निदान ॲपवर तरी. पोकर तिचा लांबचा नातेवाईक. बरेच शब्द एकमेकांना जोडता येतात:

• पॉट: टेबलाच्या मध्ये जमलेल्या सगळ्यांच्या चिप्स. डाव जिंकेल त्याचा पॉट.
• आन्टी: पत्ते वाटण्याआधी प्रत्येकाने टाकायची ठरलेली रक्कम. तीन पत्तीतला बूट तो हाच.
• ब्लाइंड: टेक्सस होल्डम या आजच्या लोकप्रिय प्रकारात सगळ्यांऐवजी डीलरच्या डावीकडचे दोघे सक्तीने पैसे टाकतात. पहिला स्मॉल ब्लाइंड, दुसरा बिग ब्लाइंड, साधारण दुप्पट. इथे गडबड करू नका. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता खेळणं, पोकरमध्ये तसं काही नाही.
• चेक: त्या फेरीत अजून कोणीच लावलेलं नसेल तर काही न लावता पाळी पुढे देणं.
• बेट: फेरीत पहिल्यांदा लावणं.
• कॉल: समोरच्याने लावलं तेवढंच लावून डावात राहणं.
• रेज: रक्कम वाढवणं. नो-लिमिट खेळात वाढ निदान आधीच्या बेटइतकी किंवा आधीच्या वाढीइतकी हवी. कोणी १०० ची बेट लावली तर रेज किमान २०० पर्यंत. कोणी ती ३०० पर्यंत नेली तर वाढ झाली २०० ची, म्हणून पुढचा रेज किमान ५०० पर्यंत.
• फोल्ड: पत्ते टाकून देणं. तीन पत्तीतलं पॅक. आधी लावलेलं परत मिळत नाही.
• ऑल-इन: समोरच्या सगळ्या चिप्स लावणं. डाव चालू असताना खिशातून नवीन पैसे काढता येत नाहीत. चिप्स कमी पडल्या तरी ऑल-इन करून डावात राहता येतं, पण मग तुमच्या रकमेपुरताच पॉट तुम्हाला जिंकता येतो. त्यावरची रक्कम बाकीच्यांच्या साइड पॉटमध्ये जाते.
• शोडाउन: शेवटी उरलेल्यांनी पत्ते उघडणं, म्हणजे शो.

होल्डममध्ये प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते मिळतात आणि मध्ये पाच पत्ते सगळ्यांसाठी उघडे येतात. आधी एकदम तीन, त्याला फ्लॉप म्हणतात. मग एक टर्न, मग एक रिव्हर. झाकलेले पत्ते मिळाल्यावर एक आणि नंतर या तीन टप्प्यांवर एकेक, अशा बेटिंगच्या चार फेऱ्या होतात. डावात उरलेल्या सगळ्यांनी सारखी रक्कम लावली की फेरी संपते. ऑल-इन झालेला एवढाच अपवाद.

सात पत्त्यांतून सर्वात चांगले पाच धरायचे. वरून खाली क्रम असा: स्ट्रेट फ्लश (त्यातला सर्वात वरचा रॉयल फ्लश), एकाच किमतीचे चार, फुल हाउस, फ्लश, स्ट्रेट, एकाच किमतीचे तीन, दोन जोड्या, एक जोडी, आणि काहीच नसेल तर मोठा पत्ता. तीन पत्तीवाल्यांनी एक लक्षात ठेवा. तिथे सिक्वेन्स कलरला हरवतो, पोकरमध्ये उलट आहे. फ्लश म्हणजे कलर मोठा, स्ट्रेट म्हणजे सिक्वेन्स छोटा.

आता मुद्द्याची गोष्ट. पोकर दोन प्रकारे जिंकता येतो. एक, शोडाउनला तुमचे पत्ते सर्वात भारी निघाले. दोन, बाकी सगळ्यांनी फोल्ड केलं. दुसऱ्या प्रकारात तुमचे पत्ते कोणी बघतच नाही. हातात काही नसताना मोठी बेट लावून समोरच्याला फोल्ड करायला लावणं म्हणजे ब्लफ. व्हॉन न्यूमन यांचं लक्ष इथेच गेलं.

१९२६: पत्त्यांचा प्रश्न गणितज्ञांसमोर

पीएचडीनंतर ते जर्मनीत गॉटिंगेनला डेव्हिड हिल्बर्ट यांच्याकडे गेले. गणितासाठी त्या काळी जगातली ती सर्वात मोठी जागा. डिसेंबर १९२६ मध्ये त्यांनी तिथल्या गणितज्ञांसमोर एक विषय मांडला: घरात बसून खेळायच्या खेळांचा सिद्धांत. १९२८ मध्ये तो पेपर छापून आला.

त्याआधी फ्रान्सचे एमिल बोरेल यांनी अशा खेळांवर लिहिलं होतं. पण असा प्रत्येक खेळ सोडवता येतो हे सिद्ध झालेलं नव्हतं. व्हॉन न्यूमन यांनी ते सिद्ध केलं. या प्रमेयाचं नाव मिनीमॅक्स.

सोपं उदाहरण घेऊ, दगड-कागद-कात्री. तुम्ही दर वेळी दगड काढला तर समोरचा दोन डावांत ओळखेल. पण तिन्ही गोष्टी प्रत्येकी एक तृतीयांश वेळा, कुठल्याही क्रमाशिवाय काढल्या, तर तुमची पद्धत त्याला आधी सांगितली तरी तो सरासरीने तुम्हाला हरवू शकत नाही. मिनीमॅक्स सांगतं की दोघांच्या खेळात, जिथे एकाचा फायदा म्हणजे बरोबर दुसऱ्याचा तोटा आणि पर्याय मर्यादित आहेत, तिथे असं एक सुरक्षित मिश्रण कायम असतंच.

बुद्धिबळात सगळं डोळ्यांसमोर असतं. पुरेसा हिशोब करता आला तर प्रत्येक स्थितीत एक बरोबर चाल असते. पोकरमध्ये माहिती लपलेली असते, त्यामुळे बरोबर उत्तर म्हणजे एक चाल नसून चालींचं प्रमाण असतं. व्हॉन न्यूमन यांना खरं आयुष्य, बाजार आणि राजकारण पोकरसारखं वाटायचं, ते याचमुळे.

प्रिन्स्टन आणि मॉन्टे कार्लो

१९३० मध्ये ते अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले. १९३३ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीमध्ये पहिल्या काही प्रोफेसरांत त्यांची नेमणूक झाली. आइन्स्टाइन तिथेच होते. जर्मनीत हिटलर आल्यावर ज्यू गणितज्ञांची हकालपट्टी सुरू झाली आणि परतायचा रस्ता बंद झाला.

माणूस रंगीला होता. पार्ट्या, भारी सूट, गाड्या, आणि ड्रायव्हिंग इतकं बेकार की अपघात ठरलेले. मॉन्टे कार्लोच्या कसिनोत ते रूलेटवर जिंकायची स्वतःची गणिती सिस्टीम घेऊन बसले होते. लांबलचक हिशोब होता, चाक थोडं वाकडं असेल तर तेही धरलेलं. थोड्याच वेळात खिसा रिकामा. त्या संध्याकाळी ड्रिंकचे पैसे क्लारा डान या बुडापेस्टच्याच तरुणीला द्यावे लागले. पुढे पहिलं लग्न मोडल्यावर १९३८ मध्ये त्यांनी क्लारांशी लग्न केलं. विसाव्या शतकातल्या सर्वात हुशार डोक्यांपैकी एकाचं कसिनोसमोर हे झालं, हे ध्यानात ठेवा. शेवटी उपयोगी पडेल.

१९४४: ब्लफचा हिशोब

ऑस्ट्रियातून आलेले अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासोबत त्यांनी सहाशेहून जास्त पानांचं पुस्तक लिहिलं, थिअरी ऑफ गेम्स अँड इकॉनॉमिक बिहेविअर. ते १९४४ मध्ये आलं. त्यात पोकर आणि ब्लफवर वेगळा भाग आहे. त्या कल्पनेचं आज शिकवलं जाणारं एक सोपं रूप बघू.

दोन खेळाडू. प्रत्येकी ५० ची आन्टी, म्हणजे पॉट १००. पत्त्यांऐवजी प्रत्येकाला ० ते १०० मधला एक गुप्त आकडा मिळतो. मोठा आकडा जिंकतो. पहिला खेळाडू चेक करू शकतो, मग सरळ आकडे उघडायचे. किंवा १०० ची बेट लावू शकतो. बेट आली तर दुसऱ्याने कॉल करायचा किंवा फोल्ड. बस, एवढाच खेळ.

पहिल्यांदा सुचणारं उत्तर: मोठा आकडा असेल तर बेट, नाहीतर चेक. पण मग समोरच्याला कळतं की तुमची बेट म्हणजे भारी आकडा. तो दर वेळी फोल्ड करणार आणि तुमच्या चांगल्या आकड्यांवर काहीच कमाई होणार नाही.

गणिताचं उत्तर असं येतं. साधारण ७८ च्या वर बेट लावा. ११ च्या खालीही बेट लावा. मधल्या सगळ्या आकड्यांवर चेक करा. दुसऱ्या खेळाडूने साधारण ५६ च्या वर असेल तरच कॉल करावा.

यात दोन गोष्टी गमतीच्या आहेत. पहिली, ब्लफ सर्वात वाईट पत्त्यांवर करायचा, बऱ्यापैकी पत्त्यांवर नाही. मधला आकडा चेक करूनही कधीकधी जिंकतो, मग तो कशाला धोक्यात घालायचा? अगदी फालतू आकड्याला मात्र जिंकायचा दुसरा रस्ताच नसतो.

दुसरी, प्रमाण ठरलेलं आहे. इथे तीन बेटपैकी दोन खऱ्या आणि एक ब्लफ येते. समोरचा १०० लावून कॉल करतो तेव्हा पॉट आणि तुमची बेट मिळून २०० जिंकू शकतो. तीनपैकी एकदा तुमचा ब्लफ पकडून त्याला २०० मिळतात, दोनदा १०० जातात. हिशोब शून्य. म्हणजे फक्त ब्लफ पकडू शकणारा, ना भारी ना फालतू आकडा हातात असेल, तर कॉल करो वा फोल्ड, त्याला काहीच फरक पडत नाही. तुम्ही ब्लफ कमी केले तर तो फोल्ड करून वाचेल, जास्त केले तर कॉल करून कमवेल.

थोडक्यात, ब्लफ हा नुसता चेहऱ्याचा अभिनय राहिला नाही. पकडला गेलेला ब्लफही वाया जात नाही, कारण त्याच्यामुळेच पुढच्या वेळी तुमचे भारी पत्ते असताना समोरचा कॉल करतो.

बॉम्ब आणि हरलेले १० डॉलर

१९४३ पासून ते लॉस अलामॉसच्या गुप्त अणुबॉम्ब प्रकल्पाचे सल्लागार होते. प्लुटोनियमचा गोळा सगळीकडून एकसारखा दाबायचा तर भोवतालची स्फोटकं कशी रचायची, यावर त्यांचं मोठं काम आहे. नागासाकीवर पडलेला बॉम्ब या पद्धतीचा होता. जपानमधली कोणती शहरं निवडायची हे सुचवणाऱ्या समितीतही ते होते. त्यांच्या आयुष्याचा हा भाग गाळून पुढे जाता येत नाही.

तिथे रात्री पोकर चालायचा. ब्लफचं गणित मांडणारा हा माणूस टेबलावर मात्र साधारणच खेळायचा. निकोलस मेट्रोपोलिस या सहकाऱ्याने एकदा त्यांच्याकडून १० डॉलर जिंकले. त्यातल्या ५ डॉलरमध्ये त्याने त्यांचंच गेम थिअरीचं पुस्तक विकत घेतलं आणि उरलेली ५ ची नोट विजयाची खूण म्हणून आत चिकटवली.

असं का व्हावं? पुस्तकातलं मॉडेल दोन खेळाडू आणि एका बेटचं होतं. खऱ्या पोकरमध्ये शक्यता इतक्या की तेव्हा जगातली कुठलीही मशीन त्या मोजू शकत नव्हती.

मग मशीनच बनवू

१९४४ च्या उन्हाळ्यात एका रेल्वे प्लॅटफॉर्मवर लष्करातले हर्मन गोल्डस्टाइन भेटले आणि बोलण्यात एनिॲक या बनत असलेल्या संगणकाचा विषय निघाला. व्हॉन न्यूमन त्यात ओढले गेले. जून १९४५ मध्ये एडव्हॅक या पुढच्या मशीनवरचा त्यांचा रिपोर्ट फिरू लागला. मुख्य कल्पना: प्रोग्राम आणि डेटा एकाच मेमरीत ठेवायचे. त्यामुळे मशीनच्या वायरी न बदलता काम बदलता येतं. तुम्ही फोनवर नवीन ॲप टाकता तेव्हा हीच कल्पना वापरता.

रिपोर्टवर नाव मात्र एकट्या व्हॉन न्यूमन यांचं होतं. एनिॲक बनवणारे एकर्ट आणि मॉकली यांना ते जिव्हारी लागलं, कारण कल्पनेत त्यांचाही वाटा होता. नाव एकाचं आणि काम अनेकांचं, हा वाद आजही संपलेला नाही.

पत्ते इथेही आले. १९४६ मध्ये आजारपणातून उठताना स्टॅनिस्लॉ उलाम एकट्याने पत्त्यांचा सॉलिटेअर खेळत होते. डाव सुटायची शक्यता किती? सूत्र मांडण्यापेक्षा शंभर डाव खेळून मोजले तर? व्हॉन न्यूमन यांनी ही युक्ती लगेच उचलली आणि अणुस्फोटाच्या गणितासाठी संगणकावर नेली. मेट्रोपोलिस यांनी तिला मॉन्टे कार्लो हे नाव दिलं. एनिॲकवरच्या या प्रोग्रामच्या कोडिंगमध्ये क्लारांचा मोठा हात होता. आज पोकरचे ऑड्स दाखवणारी बरीच सॉफ्टवेअर हीच पद्धत वापरतात.

ही लाट आपल्याकडेही आली. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये बनलेला टिफ्रॅक १९६० मध्ये सुरू झाला. तोही प्रोग्राम मेमरीत ठेवणाऱ्याच घराण्यातला.

शेवटचा डाव

शीतयुद्धात व्हॉन न्यूमन कट्टर बाजूला होते. रशियाकडे मोठा साठा तयार होण्याआधीच हल्ला करावा, या मताचे. इथे त्यांच्या गणिताची मर्यादा दिसते. मिनीमॅक्स एकाचा तोटा म्हणजे दुसऱ्याचा फायदा असं धरून चालतं. अणुयुद्धात दोघंही हरतात. दोघांचा एकदम तोटा किंवा फायदा होऊ शकतो अशा खेळांचं गणित १९५० च्या सुमारास जॉन नॅश या प्रिन्स्टनच्याच तरुण विद्यार्थ्याने पुढे नेलं.

१९५५ मध्ये ते अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी कॅन्सर निघाला. १९५६ मध्ये मेडल ऑफ फ्रीडम घ्यायला ते व्हीलचेअरवरून गेले. हॉस्पिटलमध्ये लष्कराचा पहारा असायचा, गुंगीत एखादं गुपित निघून जाऊ नये म्हणून. मरणाची त्यांना फार भीती वाटत होती. देवधर्मापासून आयुष्यभर लांब राहिलेल्या या माणसाने शेवटी कॅथलिक पाद्री बोलावला. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी ते गेले. वय फक्त ५३. मेंदू आणि संगणकाची तुलना करणारं त्यांचं पुस्तक अर्धवटच राहिलं. ते १९५८ मध्ये छापलं गेलं.

आज तुमच्या फोनवर

त्यांची दोन कामं, गेम थिअरी आणि संगणक, एकत्र आल्यावर पोकर खरंच सुटायला लागला. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने दोन खेळाडूंचा लिमिट होल्डम जवळजवळ पूर्ण सोडवला. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस प्रोग्रामने चार प्रोफेशनल खेळाडूंना १,२०,००० डावांमध्ये हरवलं. २०१९ मध्ये प्लुरिबसने सहा जणांच्या टेबलावर तेच केलं. हे प्रोग्राम चेहरा वाचत नाहीत. स्वतःशी प्रचंड डाव खेळून योग्य प्रमाण शिकतात आणि ब्लफ करतात.

यातून तुमच्या-माझ्या कामाची गोष्ट एवढीच. मिनीमॅक्स जास्तीत जास्त काय हमी देतं? दोघंही अचूक खेळले आणि पाळी आलटून-पालटून आली, तर सरासरी शून्य. पण पैशांच्या टेबलावर कसिनो किंवा ॲप प्रत्येक पॉटमधून आपला वाटा कापून घेतं. त्याला रेक म्हणतात. शून्यातून रेक वजा केला की उत्तर मायनस येतं. बाकीच्यांपेक्षा बरेच चांगले खेळलात तरच तो मायनस भरून निघतो, आणि समोर बसलेला खेळाडू आहे की प्रोग्राम हे स्क्रीनवरून कळत नाही. कायम जिंकणारा एकच, टेबलाचा मालक. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारा कायदाही केला आहे.

पोकर शिकायचाच असेल तर मित्रांसोबत शेंगदाणे किंवा काड्यापेटीच्या काड्या लावून शिका. मस्त खेळ आहे, आणि शक्यतांचा हिशोब त्यात आपोआप पक्का होतो. पैसे लावा म्हणून एखादं ॲप आग्रह करायला लागलं की मॉन्टे कार्लोत रिकाम्या खिशाने बसलेले व्हॉन न्यूमन आठवा. हे गणित ज्यांनी मांडलं, त्यांनाही कसिनोने सोडलं नव्हतं.